उलट्या पावली येणारं पाणी

समुद्रात न्यायच्या नौकेच्या बुडाला माणूस आपल्याच हातांनी भोकं पाडतो, हे जमिनीवरच्या माणसाला सांगितलं तर तो चक्रावतो. लाकूड असो, पोलाद असो की फायबरग्लास, नौका बांधणाऱ्याची सगळी हयात पाणी बाहेर ठेवण्यात जाते. आणि नौका तयार होत आली की तोच माणूस ड्रिल घेऊन बसतो. एक भोक मोरीसाठी, एक-दोन संडासासाठी, एक खोली मोजणाऱ्या यंत्रासाठी, एक प्रोपेलरच्या दांड्यासाठी. शिडाच्या नौकेवर डिझेल इंजिन असेल तर आणखी दोन. एकातून समुद्राचं पाणी इंजिन थंड करायला आत येतं, दुसऱ्यातून तेच पाणी धुरासकट बाहेर पडतं.

या दोन भोकांच्या मधे इंजिन बसलेलं असतं. पाण्याने त्याच्या अंगावरून जायचं, पोटात शिरायचं नाही, एवढीच अट. ती पाळली जावी म्हणून जगभरच्या नौका बांधणाऱ्यांनी जी डोकेफोड केली आहे, ती नौकेत पाहुणा म्हणून बसणाऱ्याला कधीच दिसत नाही. तो शिडाकडे बघत असतो.

शिडाच्या नौकेवर इंजिनाचा मान दुय्यम. बंदरात शिरताना-निघताना, वारा पडल्यावर, बॅटऱ्या चार्ज करायच्या असल्या की त्याची आठवण होते. जागाही उरलीसुरली मिळते: केबिनमध्ये उतरायच्या जिन्यामागे, कॉकपिटच्या खाली, जमेल तितकं खोल. वजन खाली राहिलं तर नौका सावरून चालते आणि दांडा प्रोपेलरपर्यंत सरळ नेता येतो. पण खोल म्हणजे इतकं खोल की बऱ्याच नौकांवर इंजिनाचं डोकं बाहेरच्या पाण्याच्या पातळीच्या जेमतेम वर असतं आणि बाकीचं धूड तिच्या खाली. पुढची सगळी भानगड इथे सुरू होते.

मच्छीमारी ट्रॉलरचं बरं असतं. त्याचं धुराडं केबिनच्या छपरावरून सरळ आभाळात जातं. धूर वर, पाणी खाली, दोघांची गाठच पडत नाही. शिडाच्या नौकेवर असं धुराडं उभं करायचं तरी कुठे? वर शिडं, दोर, या बाजूवरून त्या बाजूला फिरणारा आडवा दांडा. खाली झोपायच्या बाकांना खेटून जाणारा पाइप. भार घेतलेल्या डिझेल इंजिनाचा धूर चारशे-पाचशे अंश सेल्सियसपर्यंत तापलेला असतो. असा पाइप लाकडी फर्निचरमधून नेणं म्हणजे आगीला आवतण. म्हणून ओला एक्झॉस्ट आला. धुरातच समुद्राचं पाणी सोडायचं. धूर पन्नासेक अंशांवर उतरतो, आवाज मरतो आणि मग लोखंडी नळीऐवजी रबरी होज चालून जातो.

पाण्याचा प्रवास असा: बुडाच्या भोकावर एक तोटी बसवलेली असते, तिला सी-कॉक म्हणतात. तिथून पाणी जाळीतून गाळून पंपात येतं. पंपात रबरी पात्यांचा इम्पेलर फिरतो आणि पाणी ढकलतो. ते हीट एक्स्चेंजरमधून जातं, तिथे इंजिनातल्या गोड्या पाण्याची उष्णता घेतं आणि इंजिनाच्या मागे लावलेल्या मिक्सिंग एल्बोत, म्हणजे धुराच्या वाकड्या नळीत, उडी घेतं. इथून पुढे पाणी आणि धूर एकत्र. दोघं मिळून खालच्या एका डब्यात पडतात. तो वॉटरलॉक. डब्यातून बाहेर जाणाऱ्या नळीचं तोंड तळाशी बुडालेलं असतं. पाणी साचून ते तोंड झाकलं गेलं की धुराला वाट उरत नाही, दाब वाढतो आणि धूर पाण्याला घेऊन वर उसळी मारतो. म्हणून शिडाच्या नौकेच्या मागे उभं राहिलं की इंजिन घशात गुळणी केल्यासारखं, थांबून थांबून पाणी टाकताना दिसतं. ते पाणी दिसतंय तोवर सगळं ठीक.

इंजिन चालू असेपर्यंत या रचनेत काळजीचं कारण फारसं नाही. धूर सतत मागून रेटत असतो, तोच पाण्याचा पहारेकरी. खरा घोर लागतो तो इंजिन बंद केल्यावर. वारा चांगला सुटलाय, शिडं भरली आहेत, कुणीतरी किल्ली फिरवून ती धडधड थांबवलीय आणि सगळ्यांनी एकदाचा मोकळा श्वास घेतलाय, नेमकी ती घटका. पहारेकरी गेला, दरवाजे मात्र दोन्ही उघडेच.

पहिली वाट पुढून येते. सी-कॉक उघडा आहे, नळ्या पाण्याने भरलेल्या आहेत आणि एल्बोत पाणी पडण्याची जागा बाहेरच्या समुद्रपातळीपेक्षा खाली आहे. आता पंपाची गरज उरली नाही; पाणी आपण होऊन उतरत राहील. थांबलेल्या इम्पेलरने ते अडावं, अशी अपेक्षा असते. पण रबराची पाती झिजतात, दबून राहतात, त्यांच्या कडेने पाणी झिरपतं. थेंबाथेंबाने वॉटरलॉक भरतो, मग एल्बो, मग एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड. इंजिन थांबतं तेव्हा एखाद्या तरी सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिलेला असण्याची शक्यता दांडगी असते. तिथून पाणी आत.

एल्बो पातळीच्या थोडी वर असली म्हणून सुटका नाही, कारण समुद्र सपाट नसतो आणि नौकाही सरळ नसते. नळी वर नेऊन वळवली आणि पलीकडचं तोंड पातळीखाली राहिलं, तर त्याला सायफन म्हणतात हे शाळेत शिकवलेलं असतं. ही करामत पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने लिहून ठेवली. आपल्याकडे ती पितळी खेळण्यात होती. वसुदेवाच्या पेल्यात पाणी ओतत जावं. वसुदेवाने उचलून धरलेल्या बाळकृष्णाच्या पायाला ते लागलं की यमुना ओसरते, पेला तळापर्यंत रिकामा होतो. मूर्तीच्या पोटात वाकडी नळी लपलेली असते. पाणी वळणाच्या माथ्यावर चढेपर्यंत काही होत नाही, आणि एकदा चढलं की शेवटच्या थेंबापर्यंत थांबत नाही. या पेल्याची जादू मोडायची असेल तर नळीच्या माथ्याला सुईएवढं भोक पुरे. हवा शिरते, पाण्याची साखळी तुटते. नौकेवरचा उपाय हाच आहे.

पंपाकडून एल्बोकडे जाणारी नळी आधी उंच न्यायची, पाण्याच्या पातळीच्या निदान तीस सेंटिमीटर वर, तिथे तिला उलट्या यू-सारखा बाक द्यायचा आणि बाकाच्या माथ्यावर हवेची झडप बसवायची. इंजिन चालू असताना आतला दाब झडप मिटून ठेवतो. बंद झाल्यावर पाणी खाली ओढू लागतं, झडप उघडते, हवा आत येते. इंजिन बनवणाऱ्या कंपन्या आपल्या पुस्तिकांत आकडाही देतात: एल्बोत पाणी सोडण्याची जागा जलरेषेच्या वर पंधरा सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर हा बाक हवाच. काही कंपन्या वीस सांगतात.

इंजिनात शिरलेलं पाणी किती असलं की पुरतं? हिशेब करून बघण्यासारखा आहे. तीसेक फुटांच्या नौकेवर अकराशे सीसीचं, तीन सिलिंडरांचं डिझेल इंजिन धरू. एका सिलिंडरच्या वाट्याला ३६७ सीसी. पिस्टन वर जाताना हवेला मूळ आकारमानाच्या तेविसाव्या हिश्शात दाबतो. म्हणजे पिस्टन पुरता वर गेल्यावर डोक्यात उरलेली जागा सतरा सीसीच्या आत. चहाचे तीन-साडेतीन चमचे. एवढं पाणी असलं तरी पिस्टनला वर जायला जागा राहत नाही. हवा दबते, पाणी दबत नाही. मागून स्टार्टर आणि फ्लायव्हील जोर लावत असतात, समोर पाणी हटत नाही आणि मधल्या कनेक्टिंग रॉडला वाकण्यावाचून गत्यंतर नसतं.

मुंबई-ठाण्याच्या गाडीवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पाणी ओसरल्यावर ज्यांनी बुडालेल्या गाडीत बसून सेल्फ मारला, त्यांच्यातल्या कित्येकांची इंजिनं त्या एका सेल्फमध्ये गेली. नुसती भिजलेली गाडी सुकवून, तेल बदलून चालू करता आली असती. ‘हायड्रोस्टॅटिक लॉक’ हा बोजड शब्द तेव्हापासून विम्याच्या कागदांतून घराघरांत पोचला, आणि पाण्यात अडकलेल्या गाडीला सेल्फ मारायचा नाही हे पोरासोरांनाही पाठ झालं. गाडीत पाणी हवा ओढायच्या नळीतून, पुढून येतं. शिडाच्या नौकेत ते धूर सोडायच्या नळीतून, मागून येतं. वाकतो तो रॉडच.

दुसरी वाट खरोखरीच नौकेच्या मागच्या बाजूने येते. एक्झॉस्टचं तोंड बहुधा पाठीच्या फळीवर, पाण्याच्या थोडं वर असतं. वारा आणि लाटा मागून येत असतील तर प्रत्येक मोठी लाट त्या तोंडावर आदळते आणि होजमध्ये पाणी कोंबते. ते आत उतरू नये म्हणून होज तोंडाकडे जाण्याआधी कॉकपिटच्या कठड्याखाली जितका उंच नेता येईल तितका नेतात. या वळणाला खलाशी गूजनेक म्हणतात. लाटेने ही चढण चढावी आणि दमून परत फिरावं, अशी कल्पना. एक-दोन लाटांचं काही वाटत नाही. शेकडो लाटांतली एखादी चढण ओलांडून आत थोडं पाणी टाकून जाते, आणि असं आठवडाभर चालू राहिलं तर वॉटरलॉक गळ्यापर्यंत भरतो.

आठवडाभर मागून लाटा? अटलांटिकवर हे नित्याचं आहे. १९८६ पासून दर वर्षी नोव्हेंबरात कॅनरी बेटांतल्या लास पाल्मासहून शिडाच्या नौकांचा एक काफिला कॅरिबियन समुद्राकडे निघतो. जिमी कॉर्नेल यांनी सुरू केलेली ही एआरसी नावाची सामुदायिक सफर. सेंट लुसिया बेटापर्यंत सुमारे २,७०० सागरी मैल, बहुतेकांना दोन ते तीन आठवडे, आणि व्यापारी वारे लागले की पुढचा बहुतेक सगळा काळ वारा पाठीवर. इंजिन जवळजवळ झोपलेलं. पूर्वी बॅटऱ्यांसाठी तरी रोज तासभर ते चालवावं लागे आणि वॉटरलॉकमध्ये जे काही साचलं असेल ते धुराबरोबर बाहेर फेकलं जाई. आता सौर पॅनेल आली, मागे ओढत न्यायची पाणचक्कीसारखी जनित्रं आली, विजेची ददात मिटली. इंजिन दहा-दहा दिवस सुरू करावं लागत नाही. सोय वाढली आणि तिच्याबरोबर पाणी गुपचूप साचायची मुदतही वाढली.

याहून कठीण पाणी दक्षिण महासागराचं. तिथे पश्चिमेचे वारे जमिनीचा अडसर न लागता पृथ्वीभोवती फिरत राहतात आणि लाटाही त्यांच्याबरोबर. शिडाने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा माणूस या वाऱ्यावरच पूर्वेकडे जातो, म्हणजे पाठ लाटांकडे करून. या वाटेशी मराठी माणसाचा थेट संबंध आहे. फलटणजवळच्या विंचुर्णीत स्थायिक झालेले निवृत्त व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांनी भारतीयाने, भारतात बांधलेल्या नौकेतून, एकट्याने जगाला फेरी मारावी असा ध्यास घेतला. गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात छप्पन्न फुटी ‘म्हादेई’ तयार झाली. कमांडर दिलीप दोंदे तिच्यातून ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून निघाले आणि चार बंदरांत थांबून मे २०१० मध्ये परतले. अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ ला निघाले आणि कुठेही न थांबता मार्च २०१३ च्या अखेरीस मुंबईत आले. त्याच कारखान्यातली ‘तारिणी’ २०१७-१८ मध्ये वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकारी अधिकारी घेऊन गेल्या. २०२४-२५ मध्ये दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच तिच्यातून फेरी मारून आल्या. अशा सफरीत नौका पुढे न्यायला शिडंच वापरायची असतात. इंजिन असतं, पण गप्प. दक्षिण महासागरातल्या डोंगराएवढ्या लाटा मागून येत असताना गप्प असलेलं इंजिन कोरडं ठेवणं हे अशा नौकेच्या बांधणीतलं एक स्वतंत्र कलम असतं.

तिसरी वाट माणूसच उघडतो. इंजिन सुरू होत नाही. डिझेलमध्ये हवा शिरली असेल, फिल्टर तुंबला असेल. माणूस सेल्फ मारतो, पुन्हा मारतो, थोडं थांबून पुन्हा. इंजिन फिरतंय, म्हणजे त्याला जोडलेला पंपही फिरतोय आणि प्रत्येक फेऱ्याला थोडं पाणी एल्बोत टाकतोय. ते बाहेर फेकायला धूर मात्र नाही, कारण इंजिन पेटलेलंच नाही. वॉटरलॉक भरतो, पाणी मागे सरकत सिलिंडरमध्ये येतं. मग इंजिन ‘टक्’ असा आवाज करून अडतं. बहुतेकांना वाटतं, बॅटरी उतरली. ते दुसरी, जोरकस बॅटरी जोडतात आणि उरलंसुरलं काम पुरं करतात. डिझेलच्या एका किरकोळ दुखण्यातून इंजिनाचा मृत्यू ओढवतो तो असा.

या तिन्ही वाटांवरचे उपाय एकत्र मांडले की एक गोष्ट ध्यानात येते. झडपा आहेत, तोट्या आहेत, रबरी पडदे आहेत, पण अनुभवी माणूस सगळ्यात आधी उंची मोजतो. झडप अडकते, रबर कडक होतं, तोटी उघडायची-मिटायची राहून जाते. उंचीला गंज लागत नाही. तिला फिरणारा, झिजणारा भाग नाही. म्हणून जुन्या नौकांवर सुताराने कपाटाची फळी कापून, कॉकपिटच्या आसनाचा कोपरा उचलून होजला जागा केलेली सापडते. दिसायला ओबडधोबड, पण त्या कापाकापीमागे कुणीतरी टेप लावलेला असतो.

उंचीही नौका सरळ उभी असतानाची मोजून भागत नाही. वाऱ्याने नौका पंचवीस अंश कलणं रोजचंच. सायफनचा बाक मध्यरेषेपासून एक मीटर बाजूला बसवलेला असेल आणि नौका त्याच बाजूला कलली, तर तो बाक सुमारे बेचाळीस सेंटिमीटर खाली जातो. धक्क्यावर मोजलेली तीस सेंटिमीटरची उंची तिथेच संपली. बाक समुद्रपातळीच्या खाली. म्हणून बाक, गूजनेक आणि वॉटरलॉक ही तिन्ही शक्यतो नौकेच्या मध्यरेषेवर हवीत. वॉटरलॉक तर एल्बोच्या खाली हवा आणि मोठाही हवा. इंजिन थांबलं की चढणीच्या होजमधलं पाणी माघारी डब्यात येतं, आणि आतून पाच सेंटिमीटर रुंदीचा होज मीटरमागे जवळपास दोन लिटर पाणी धरतो. ते सगळं डब्यात मावलं पाहिजे. उरलं तर ते इंजिनाकडे बघतं.

पाणी घेण्याच्या भोकावर बाहेरून जाळीचं टोपण बसवतात, त्यातही एक खोच आहे. वेगवान मोटरबोटींवर ते टोपण पुढे तोंड करून लावतात, म्हणजे नौकेच्या वेगाने पाणी आपोआप आत रेटलं जातं. शिडाच्या नौकेवर हीच हौस नडते. सात नॉट वेग म्हणजे सेकंदाला साधारण ३.६ मीटर. या वेगाचं पाणी समोरून अडवलं तर त्याचा जोर त्याला सुमारे पासष्ट सेंटिमीटर वर चढवू शकतो. इंजिन बंद, शिडं भरलेली, आणि समुद्र स्वतःच पंप झालेला. दुसऱ्या नौकेने ओढून नेताना वेग याहून वाढला तर धोकाही वाढतो. म्हणून शिडाच्या नौकेवर असं टोपण लावायचंच असेल तर त्याचं तोंड मागे करतात. ओढून न्यायच्या नौकेचा सी-कॉक आधी बंद करतात.

आता ती हवेची झडप जवळून पाहण्यासारखी आहे. जिन्याच्या पायऱ्या बाजूला काढून, टॉर्च दातांत धरून हात खांद्यापर्यंत आत घातला की बोटांना तो उलटा यू लागतो. माथ्यावर बोटाच्या पेराएवढं प्लास्टिकचं टोपण, मळाने आणि तेलाच्या वाफेने चिकट झालेलं. ते फिरवून काढलं की खाली रबराचे दोन मिटलेले ओठ. नव्या झडपेत ते नखाने दाबले तर मऊ उघडतात आणि पुन्हा मिटतात. दोन-तीन हंगाम कुणी हात न लावलेल्या झडपेत ओठांच्या फटीत पांढरे, टोकदार मिठाचे कण बसलेले असतात. कण फटीत अडून झडप उघडी राहिली तर चालू इंजिनावर, अल्टरनेटरवर खाऱ्या पाण्याची बारीक फवारणी होत राहते. मीठ धरून झडप मिटूनच राहिली तर काहीच दिसत नाही, काही ऐकू येत नाही. फक्त सायफन जिवंत होतो. दोन बिघाडांपैकी उघडा बिघाड निदान गंजाचे डाग दाखवून आपला पत्ता सांगतो. मिटलेला सांगत नाही. यावर इलाज म्हणजे कोमट गोड्या पाण्यात पाच मिनिटं. काही जण झडपच काढून टाकतात आणि माथ्यावरून एक बारीक नळी कॉकपिटमध्ये किंवा नौकेबाहेर नेतात. इंजिन चालू असताना तिच्यातून पाण्याची धार पडत राहते; पंप चालतोय हे डोळ्यांनी दिसतं आणि अडकायला झडपच नसते.

मागच्या तोंडावरही रबरी पडदा किंवा तोटी लावता येते. भर समुद्रात, लाटा पाठीवर असताना तोटी बंद केली की मागची वाट शंभर टक्के मिटली. पण मग एखाद्या संध्याकाळी, बंदर समोर दिसत असताना, कुणीतरी घाईने किल्ली फिरवतो आणि धूर कोंडतो. त्यावर खलाशांनी काढलेली तोड साधी आहे. तोटी बंद करायची आणि इंजिनाची किल्ली तिच्याच दांडीला अडकवून ठेवायची. किल्ली हवी असेल तर हात आपोआप तोटीपर्यंत जातो.

नायजेल काल्डर यांचं ‘बोटओनर्स मेकॅनिकल अँड इलेक्ट्रिकल मॅन्युअल’ १९९० मध्ये निघालं आणि तेव्हापासून नौकेवर आपली यंत्रं आपणच दुरुस्त करणाऱ्यांच्या फळीवर ते असतंच. लिन आणि लॅरी पार्डी हे जोडपं मात्र दुसऱ्याच मार्गाने गेलं. चोवीस फुटांच्या ‘सेराफिन’मधून आणि नंतर साडेएकोणतीस फुटांच्या ‘तालेसिन’मधून ते दोघं जगभर फिरले, तेही इंजिनाशिवाय. वारा पडला तर लॅरी मागे उभा राहून एक लांब वल्हं मारत असे. सी-कॉक नाही, एल्बो नाही, मागून पाणी शिरण्याचा प्रश्नच नाही. या उत्तराचं कौतुक करणारे पुष्कळ, अनुकरण करणारे थोडे. गर्दीच्या मरिनात वल्ह्यावर नौका वळवणं सगळ्यांच्या आवाक्यातलं नाही.

इंजिनाने पाणी घेतलंच, तर घड्याळ चालू होतं. खारं पाणी सिलिंडरच्या भिंतींवर बसलं की काही तासांत गंज धरू लागतो, दोन-चार दिवसांत पिस्टनच्या रिंगा चिकटतात. पहिलं काम सी-कॉक बंद करणं, दुसरं वॉटरलॉकच्या तळाचा बोल्ट उघडून त्याला रिकामा करणं. मग इंजेक्टर काढायचे, किंवा जुन्या धाटणीच्या इंजिनावर दाब सोडायचे खटके असतील तर ते उचलायचे, आणि इंजिन हाताने फिरवायचं. वरच्या भोकांतून पाण्याच्या पिचकाऱ्या उडतात. त्या थांबेपर्यंत फिरवत राहायचं. तेलाची कांडी ओढून बघायची. तेल काळं न दिसता करडं, दुधाळ दिसलं तर पाणी खाली तेलात उतरलंय. ते काढून नवं भरायचं, इंजिन थोडा वेळ चालवायचं, पुन्हा काढायचं, रंग स्वच्छ होईपर्यंत. तेलाचे चार-पाच डबे गेले तरी सौदा स्वस्त. रॉड वाकलेला नसेल तर असं वाचवलेलं इंजिन पुढे अनेक वर्षं चालतं.

एक शत्रू मात्र या सगळ्या उंच्यांना आणि झडपांना वळसा घालतो. एल्बोच्या आत धूर आणि पाणी यांच्यामधे एक भिंत असते. एका बाजूला तापलेला धूर, दुसऱ्या बाजूला खारं पाणी. ओतीव लोखंड असो की स्टेनलेस स्टील, काही वर्षांत ती भिंत खाल्ली जाते आणि तिला सुईच्या टोकाएवढं छिद्र पडतं. बाहेरून एल्बो धडधाकट दिसते, रंगसुद्धा शाबूत असतो. आतून पाणी थेट मॅनिफोल्डकडे ठिबकतं. म्हणून जाणता मेकॅनिक दर दोन-तीन वर्षांनी एल्बो सोडवतो, टॉर्च टाकून आत बघतो, काजळीचा थर खरवडतो आणि शंका आली तर नवी बसवतो.

पश्चिम किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर नौका वर काढून ठेवलेल्या असतात आणि पावसाळा सरला की पुन्हा पाण्यात उतरतात. मुंबईत किंवा गोव्यात कुणाची इंजिन असलेली शिडाची नौका असेल तर उतरवण्याआधी अर्धा दिवस जिन्यामागे घालवावा. झडप काढून गोड्या पाण्यात धुवावी, ओठ उघडतात-मिटतात ते बघावं. इम्पेलर नवा घालावा. एल्बो सोडवून आत बघावं. नौका पाण्यात गेल्यावर जलरेषेपासून बाकापर्यंत टेप लावावा आणि ती उंची कलण्याचा हिशेब धरून पुरते का ते तपासावं. आणि समुद्रावर कधी तीनदा सेल्फ मारूनही इंजिन उठलं नाही, तर चौथ्यांदा मारण्याआधी सी-कॉक बंद करावा, वॉटरलॉक रिकामा करावा. इंजिन पेटलं की त्याच क्षणी सी-कॉक उघडायचा. कोरडा फिरलेला इम्पेलर मिनिटा-दोन मिनिटांत जळतो.